झिप, रार, जीझेड: आपोआप काय उघडावं आणि काय उघडू नये

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचा अकाउंट्स विभाग घ्या, पालघरमधल्या एखाद्या कंत्राटदाराचं ऑफिस घ्या, नाहीतर बोईसर स्टेशनजवळचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान. रोज येणाऱ्या फायलींमध्ये दाबून लहान केलेल्या, म्हणजे झिप किंवा तत्सम फायली भरपूर असतात. महाटेंडर्सच्या पोर्टलवरून निविदेची सगळी कागदपत्रं एका झिपमध्ये उतरतात. कामगारांचे फॉर्म १६ झिपमध्ये येतात. आयकराची ऑफलाइन युटिलिटी झिपमध्ये येते, तर पार्टीने पाठवलेली ड्रॉइंग्ज रारमध्ये. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी उतरवलेला डेटा डॉट जीझेड असतो. फाइलवर डबल-क्लिक झालं की ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, हे संगणकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते बरोबर ठरलेलं असेल तर काम बिनबोभाट होतं. चुकीचं ठरलेलं असेल तर शेवटच्या तारखेला संध्याकाळी धावपळ होते.

हे ठरवणं आपल्या हातात घेता येतं आणि त्याला अर्धा तास पुरतो. माझं मत आधीच सांगतो. झिप, रार, सेव्हन-झेड यांसारख्या फायली एकाच चांगल्या प्रोग्रॅमकडे सोपवाव्यात. डाउनलोड पूर्ण होताच फाइल स्वतःहून उघडण्याची सोय सगळीकडे बंद करावी. आणि जे प्रोग्रॅम दाबलेल्या फाइलमधला मजकूर थेट वाचू शकतात, त्यांना तो खुशाल वाचू द्यावा.

विंडोज हा निर्णय फाइलच्या नावावरून घेतं. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, एवढंच ते पाहतं आणि त्या एक्स्टेन्शनसाठी नेमून दिलेला प्रोग्रॅम सुरू करतं. फाइलच्या आत काय आहे ते त्या क्षणी बघितलं जात नाही. बरणीवर हळद लिहिलंय म्हणून आत हळदच असेल असं धरून चालावं, तसाच हा प्रकार.

आत काय आहे ते बघायचं असेल तर एक सोपी तपासणी करता येते. कुठल्याही छोट्या झिप फाइलची एक प्रत करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. स्क्रीनभर अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीला इंग्रजीतली ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरं स्वच्छ वाचता येतील. १९८९ मध्ये झिपची पद्धत आणणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरं आहेत. रार फाइलच्या सुरुवातीला आर-ए-आर आणि उद्गारचिन्ह दिसतं, सेव्हन-झेडच्या सुरुवातीला सात आणि झेड. आता डॉट डॉक्सएक्स किंवा डॉट एक्सएलएसएक्स फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथेही पी-के दिसेल, कारण ऑफिस २००७ पासूनच्या वर्ड आणि एक्सेलच्या फायली मुळात झिपच आहेत. अँड्रॉइड फोनचं डॉट एपीकेसुद्धा झिपच. फक्त ही तपासणी करताना नोटपॅडमध्ये चुकूनही सेव्ह करू नका, फाइल बिघडेल. पार्टीने पाठवलेली रार ‘करप्ट’ दाखवत असेल, तर पुन्हा मागवण्याआधी हे करून बघा. बऱ्याचदा ती झिपच असते आणि पाठवणाऱ्याने फक्त नाव बदललेलं असतं.

पहिलं काम म्हणजे एक्स्टेन्शन डोळ्यांना दिसलं पाहिजे. विंडोज ते लपवून ठेवतं, आणि ही माझ्या मते विंडोजमधली सगळ्यात घातक सवय आहे. फाइल एक्स्प्लोरर उघडा. विंडोज १० मध्ये वरच्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. हे केलं नाही तर ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ या नावाची फाइल तुम्हाला फक्त ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ’ अशी दिसते, शिवाय तिच्यावर पीडीएफचं चित्रही लावलेलं असू शकतं. ईमेलवरून आलेल्या झिपमध्ये असली फाइल घालून पाठवणं ही जुनी युक्ती आहे आणि अजून चालते.

दुसरं काम म्हणजे प्रोग्रॅम निवडणं. मी सेव्हन-झिप सुचवतो. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ मध्ये तो आणला. तो मोफत आहे, आणि कारखान्यात, दुकानात, कंपनीच्या कामासाठीही मोफत आहे. विनरार चाळीस दिवसांच्या चाचणीनंतरही चालत राहतो म्हणून तो फुकट आहे असा समज पसरला आहे, पण त्यानंतर वापरायला परवाना लागतो. कंपनीच्या संगणकांवर हा मुद्दा ऑडिटमध्ये निघू शकतो.

सेव्हन-झिप बसवल्यावर त्याला फायली नेमून द्याव्या लागतात. स्टार्ट मेनूत ‘सेव्हन-झिप फाइल मॅनेजर’वर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. ‘टूल्स’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘सिस्टिम’ टॅब. इथे एक्स्टेन्शनची लांबलचक यादी येते आणि शेजारी दोन रकाने, एक फक्त तुमच्या लॉगिनसाठी, दुसरा त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी. ऑफिसात एकाच संगणकावर पाळीप्रमाणे माणसं बदलत असतील तर दुसरा रकाना वापरा. वरचं अधिकचं बटण दाबून सगळ्यावर सरसकट टिक करण्याचा मोह आवरा. झिप, रार, सेव्हन-झेड, टार, जीझेड, टीजीझेड, बीझेड२ आणि एक्सझेड एवढे निवडा. आयएसओ सोडून द्या, कारण विंडोज ते डिस्कसारखं स्वतःच नीट उघडतं. कॅब, विम, व्हीएचडी यांना हात लावू नका, ते विंडोजच्या स्वतःच्या कामाचे असतात.

कधीकधी एवढं करूनही डॉट झिप जुन्याच पद्धतीने उघडत राहते. विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्याची स्वतःची निवड वेगळी जपून ठेवतात आणि बाहेरच्या प्रोग्रॅमला ती सहज बदलू देत नाहीत. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ इथे जाऊन वरच्या चौकटीत टिंबासकट एक्स्टेन्शन टाइप करा आणि सेव्हन-झिप निवडा. किंवा फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून कायमचं ठरवून टाका. २०२३ च्या शेवटापासून विंडोज ११ स्वतः रार, सेव्हन-झेड आणि टार उघडू लागलं आहे, त्यामुळे नव्या संगणकावर साध्या वापरासाठी वेगळ्या प्रोग्रॅमची गरज कमी झाली आहे. तरी पासवर्डच्या फायलींसाठी सेव्हन-झिप ठेवाच. विंडोज १० ची अंगभूत झिप एईएस पद्धतीने कुलूप लावलेली फाइल उघडू शकत नाही, आणि तुमचा पासवर्ड बरोबर असूनही तुम्ही तो पुन्हापुन्हा टाइप करत बसता.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तिकडे येऊ. विंडोजमध्ये झिपवर डबल-क्लिक केलं की ती साध्या फोल्डरसारखी उघडते, आतल्या फायली दिसतात, आणि आपल्याला वाटतं फाइल अनझिप झाली. ती झालेली नसते. आतल्या एक्सेल फाइलवर डबल-क्लिक केलं की विंडोज त्या एकाच फाइलची प्रत एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून दाखवतं. तुम्ही त्यात तासभर आकडे भरता आणि सेव्ह करायला जाता, तर ‘रीड-ओन्ली’चा निरोप येतो, किंवा फाइल त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि नंतर सापडत नाही. युटिलिटीच्या बाबतीत तर ती चालूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या शेजारच्या फायली अजून झिपमध्येच अडकलेल्या असतात. मग ‘साइटच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. उपाय सोपा आहे. राइट क्लिक करा, सेव्हन-झिपच्या मेनूतला ‘एक्स्ट्रॅक्ट टू’ आणि त्यापुढे फाइलचं नाव असलेला पर्याय घ्या, मग तयार झालेल्या फोल्डरमध्ये जाऊन काम करा. ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ टाळा, त्याने डाउनलोड्समध्ये पन्नास सुट्या फायली विखुरतात.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. त्या खुणेमुळेच २०२२ पासून ऑफिसमध्ये मॅक्रो असलेली फाइल उघडल्यावर लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाहीत. सेव्हन-झिप मूळ सेटिंगमध्ये ही खूण आतल्या फायलींवर उमटवत नाही, म्हणजे झिपमधून काढलेली संशयास्पद फाइलही निर्धोक असल्यासारखी उघडते. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्हन-झिप’ नावाच्या टॅबवर ‘प्रोपगेट झोन आयडी स्ट्रीम’ हा पर्याय आहे. तो ‘येस’ करा. सरकारी पोर्टलवरून तुम्ही स्वतः उतरवलेल्या युटिलिटीला त्यामुळे अडथळा आला, तर झिपच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर टिक करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा. व्हॉट्सॲपवर कुणी फॉरवर्ड केलेल्या फाइलसाठी अनब्लॉक करू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरीही.

काही फायली उघडायच्याच नसतात. टीडीएस भरणाऱ्यांना हे ठाऊक आहे. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर टीडीएसचं विवरणपत्र चढवताना एफव्हीयू फाइल झिप करूनच द्यावी लागते. आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरून आलेली फॉर्म १६ ची झिप पीडीएफ कन्व्हर्टरला तशीच, न फोडता द्यायची असते. इथे आपोआप अनझिप होण्याची सोय आडवी येते. ॲपलच्या मॅकवर हे जास्त घडतं, कारण सफारी झिप उतरताच फोडून टाकतो आणि मूळ झिप कचऱ्यात पाठवतो. सफारीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’ पानावर अगदी खाली, डाउनलोड झाल्यावर ‘सेफ’ फायली उघडण्याची टिक असते. ती काढून टाका. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डाउनलोड्स’ पानावर काही प्रकारच्या फायली आपोआप उघडण्याचा पर्याय दिसत असेल, तर त्याच्या शेजारचं ‘क्लिअर’ दाबा. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’खाली ‘ॲप्लिकेशन्स’ची यादी आहे, तिथे झिपपुढे ‘सेव्ह फाइल’ ठेवा.

निविदा भरणाऱ्यांसाठी थोडं विस्ताराने लिहितो, कारण कोळगावच्या जिल्हा मुख्यालयापासून मोखाडा-जव्हारच्या पंचायत समित्यांपर्यंतची कामं घेणारे कितीतरी छोटे कंत्राटदार पालघर जिल्ह्यात आहेत आणि एका फाइलपायी त्यांचं पाकीट बाद व्हावं हे फार वाईट. महाटेंडर्स ज्या एनआयसीच्या प्रणालीवर चालतं, तिथे कोणत्या पाकिटात कोणत्या एक्स्टेन्शनची फाइल चालेल हे आधीच लिहिलेलं असतं: पीडीएफ, एक्सएलएस, रार वगैरे. जिथे रार मागितली आहे तिथे रारच लागते. सेव्हन-झिप रार उघडतो, पण बनवू शकत नाही. रार बनवायला विनरारच हवा, आणि त्यातही फाइल बनवताना ‘झिप’ऐवजी ‘रार’ निवडलं आहे ना ते बघा. झिप बनवून तिचं नाव डॉट रार करणं हा उपाय नव्हे. बाहेरून एक्स्टेन्शन जुळेल, पण पाकीट उघडताना समोरच्या संगणकावर ती उघडली नाही तर तुमचं म्हणणं कोण ऐकणार? दुसरी काळजी बीओक्यूची, म्हणजे दरपत्रकाच्या एक्सेल फाइलची. तिचं नाव बदललेलं चालत नाही. तीच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर दुसऱ्या प्रतीच्या नावापुढे कंसात एक असा आकडा लावतो. तुम्ही काही बदललेलं नसतं, तरी नाव बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक निविदेसाठी वेगळं फोल्डर करा, झिप तिथेच एकदा एक्स्ट्रॅक्ट करा आणि त्याच प्रतीत दर भरा.

मराठी नावांच्या फायली झिपमध्ये घालताना विंडोज ७ चे जुने संगणक अजूनही अडतात. ‘सातबारा’ असं देवनागरीत नाव असलेली फाइल त्यांची अंगभूत झिप घेतच नाही. सेव्हन-झिप अशी नावं युनिकोडमध्ये नीट ठेवतो, त्यामुळे आपसात पाठवताना अडचण येत नाही. पोर्टलवर चढवायच्या फायलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत, छोटी आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. लांबलचक नावांचं फोल्डरमध्ये फोल्डर असं होत गेलं की विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते आणि एक्स्ट्रॅक्ट करताना अर्ध्या फायली गळतात. अशा वेळी झिप थेट डी ड्राइव्हवर आणून तिथे फोडली की काम होतं.

आता थोडं विद्यार्थ्यांसाठी आणि कारखान्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. डॉट टार डॉट जीझेड या फाइलला दोन थर असतात. टार फक्त अनेक फायलींचं एक गाठोडं बांधतं, लहान काहीच करत नाही. १९९२ मध्ये आलेलं जीझिप ते गाठोडं दाबतं. म्हणून सेव्हन-झिपमध्ये ती दोनदा उघडावी लागते. फाइल फुटली तरी आत एकच टार दिसते म्हणून घाबरू नका, तिच्यावर पुन्हा डबल-क्लिक करा.

बऱ्याच प्रोग्रॅमना मात्र फाइल फोडावी लागतच नाही. पायथनमधलं पांडाज सीएसव्ही वाचताना नाव बघतं, आणि शेवटी जीझेड, बीझेड२, झिप किंवा एक्सझेड असेल तर वाचता वाचताच उलगडतं. ‘कम्प्रेशन’ या पर्यायाची मूळ किंमत ‘इन्फर’ असते, म्हणजे नावावरून ओळख. नाव खोटं असेल तर इथे एरर येते. मग तो पर्याय स्वतः लिहून द्या, जीझिप असेल तर जीझिप आणि काहीच दाबलेलं नसेल तर ‘नन’. ईमॅक्समध्ये ‘ऑटो-कम्प्रेशन-मोड’ आहे. त्यामागे एक सरळ यादी असते: कोणत्या एक्स्टेन्शनसाठी उलगडायला कोणता प्रोग्रॅम आणि सेव्ह करताना पुन्हा दाबायला कोणता. तुमच्या कामातलं वेगळं एक्स्टेन्शन तुम्ही तिथे जोडू शकता. व्हिममध्ये हेच काम जीझिप नावाचं प्लगइन करतं. लिनक्स सर्व्हरवरचे जुने लॉग जीझेड होऊन पडलेले असतात. ते फोडून डिस्क भरण्यापेक्षा ‘झेडलेस’ने वाचा आणि ‘झेडग्रेप’ने शोधा.

कंपनीची वेबसाइट अपाचेवर असेल तर एक गोष्ट तपासाच. डॉट जीझेडसाठी तिथे दोन प्रकारे सांगता येतं. ‘ॲड-एन्कोडिंग’ लिहिलं तर ब्राउझरला असं कळतं की मजकूर वाटेसाठी दाबला आहे, उलगडून घे. ‘ॲड-टाइप’ लिहिलं तर कळतं की ही जीझिप फाइलच आहे, तशीच ठेव. पहिल्या प्रकारात काही ब्राउझर फाइल उलगडून सेव्ह करतात, पण नावातलं जीझेड तसंच ठेवतात. मग ग्राहक फोन करतो की तुमची फाइल ‘जीझिप फॉरमॅटमध्ये नाही’ असं येतंय. लोकांनी उतरवून घ्यायच्या फायलींसाठी ‘ॲड-टाइप’ ठेवा.

फोनबद्दल थोडक्यात. फाइल्स बाय गूगल साध्या झिप उघडतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. पण व्हॉट्सॲपवर ई-चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली डॉट एपीके फाइल आली, तर ती पत्रिका नाही, चलनही नाही. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप. ‘अननोन ॲप्स इन्स्टॉल’ करण्याची परवानगी व्हॉट्सॲपला आणि फाइल मॅनेजरला देऊ नका. कुणी आधीच दिली असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घ्या, आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही बघा. असल्या फायलींतून बँकेचे ओटीपी चोरले गेले आहेत.

एवढं सगळं नीट लावलं तरी एक काम उरतं आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही. फायली उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्येही छिद्रं सापडतात. २०२३ मध्ये विनरारमध्ये असं छिद्र सापडलं की आतल्या साध्या चित्रावर क्लिक केलं तरी भलताच प्रोग्रॅम चालू व्हायचा. २०२५ मध्ये दुसरं सापडलं, ते ७.१३ या आवृत्तीत बुजवलं. सेव्हन-झिपमधलं एक २०२५ च्या २५.०० आवृत्तीत बुजवलं. पण हे दोन्ही प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होत नाहीत. पाच वर्षांपूर्वी बसवलेली आवृत्ती आजही तशीच असते. आज ऑफिस बंद करण्याआधी प्रत्येक संगणकावर ‘हेल्प’ आणि ‘अबाउट’ उघडून आवृत्तीचा क्रमांक बघा, आणि तो विनरारसाठी ७.१३ च्या किंवा सेव्हन-झिपसाठी २५.०० च्या खालचा असेल तर मूळ वेबसाइटवरून नवीन आवृत्ती बसवा.